पार्श्वभूमी : संशोधकाची ओळख आणि बेळगावचं नाव

‘तिकडे कुणाची ओळख आहे का?’ पीएचडीसाठी गाइड शोधणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांना घरून हमखास विचारलं जातं. त्यात वशिल्याचा वास येतो म्हणून मुलं संकोचतात आणि अनोळखी प्राध्यापकाला साधा मेलही करत नाहीत. हा संकोच मला चुकीचा वाटतो. विज्ञान मुळात ओळखीपाळखीतूनच वाढलं आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांचा युरोपभर पत्रव्यवहार होता. त्याच्या जोरावर त्यांनी १६६५मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं. आपल्याकडे १९१४ साली कलकत्त्याला संशोधकांना एकत्र आणणारी पहिली सायन्स काँग्रेस भरली. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९२४चं उदाहरण. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला लेख थेट आइन्स्टाइनना पाठवला. कधी भेट नाही, मध्ये कुणी ओळखीचं नाही. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि छापवून आणला. लेख वाचूनच ओळख झाली.

पुढे कोणत्या लेखाचा उल्लेख कुठे झाला हे दाखवणारी यूजीन गारफिल्ड यांची सूची, सायन्स सायटेशन इंडेक्स, १९६४ला आली, संशोधनलेख शोधून देणारं गूगल स्कॉलर २००४ला, आणि लेख व त्यांचे उल्लेख यांवरून संशोधकाला मोजणारा एच-इंडेक्स २००५ला. कोणता लेख कुणाचा हे नाव-पत्त्यावरून जुळवण्याचं काम संगणकाकडे गेलं आणि सीमाभागातल्या संशोधकांची अडचण तिथून वाढली.

बेळगावातलं जुनं कॉलेज आधी मुंबई विद्यापीठाचं, मग १९४९मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाचं, २०१०नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. गावाचं इंग्रजी नावही १ नोव्हेंबर २०१४ला ‘Belgaum’चं ‘Belagavi’ झालं, त्यामुळे एकाच प्रयोगशाळेतले २०१३ आणि २०१५चे लेख दोन वेगळ्या गावांचे वाटू शकतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकून परत आलेल्यांच्या लेखांवर तर राज्यंही दोन. त्यात आपली नावं! कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, आणि ‘एस. पाटील’ तर गावोगावी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं आधीचं काम माहेरच्या नावावरच राहतं. वर्षानुवर्षांची मेहनत अशी विखुरलेली पाहून फार वाईट वाटतं.

२०१२मध्ये सुरू झालेला ऑर्किड (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा १६ अंकी ओळख क्रमांक, नेमका यासाठी आहे. तो फुकट मिळतो, आणि नोकरी, गाव, आडनाव बदललं तरी तोच राहतो. एमएस्सीच्या मुलांनी पहिला लेख पाठवण्याआधीच तो काढावा. जुने लेख मात्र त्यात स्वतः बसून जोडावे लागतात, आणि पुढच्या प्रत्येक लेखाबरोबर क्रमांक द्यावा लागतो.