कोरड्या पाइपची गळती

छोटा ट्रॅक्टर सकाळी सुरू व्हायला त्रास देतो. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर एकदाचा पेट घेतो, थोडा वेळ आवाज चढ-उतार करतो आणि मग दिवसभर बरा चालतो. मालक बॅटरी बघतो, फिल्टर बदलतो, कोणीतरी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल काढून तपासायला सांगतं. इंजिनाखाली डिझेलचा एक थेंब सांडलेला नसतो, म्हणून टाकीकडून येणाऱ्या काळ्या रबरी पाइपाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. खोट मात्र अनेकदा तिथेच असते.

टाकीतलं डिझेल फीड पंप ओढून घेतो आणि फिल्टरमधून डिझेल पंपाकडे ढकलतो. डिझेल पंप ते पोलादी नळीतून नोझलकडे दाबतो. जास्तीचं डिझेल रिटर्नच्या बारीक पाइपने टाकीत परत जातं. फीड पंपाच्या पुढे बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त दाब असतो. तिथे भेग पडली की डिझेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते, डोळ्यांना दिसतं. पंपाच्या अलीकडे मात्र ओढ असते. तिथल्या भेगेतून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. टाकी उंचावर असेल तर भरल्या टाकीच्या भाराने हीच भेग जराशी पाझरेलही. पण पातळी उतरली किंवा टाकीतली जाळी चोंदली की ती हवा खाऊ लागते. ‘टाकी निम्मी झाली की हा नाटकं करतो’ असं म्हणतात, ते उगाच नाही. टाकी पंपापेक्षा खाली असेल तर रात्रभरात त्याच भेगेतून हवा आत येते, पाइपातलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाच्या वाट्याला निम्मी हवा येते.

एवढ्याशा हवेने काय बिघडतं? एका सिलिंडरचं १५ एचपीचं इंजिन धरू. पूर्ण लोडवर त्याला ताशी साधारण साडेतीन लिटर डिझेल लागतं. ते २३०० आरपीएमने फिरत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने, म्हणजे दोन फेऱ्यांना एकदा, नोझल मिनिटाला ११५० वेळा फवारतं. भागाकार केला की एका फवाऱ्याला सुमारे ५० घन मिलिमीटर डिझेल येतं, म्हणजे जेमतेम एक थेंब. लोड नसताना त्याहून कितीतरी कमी. जुन्या पद्धतीच्या नोझलचं तोंड बंद ठेवणारी सुई उचलायला २०० बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट, आसपास दाब लागतो. त्या दाबाला डिझेल एक-दीड टक्काच आकसतं, हवा मात्र दबून जवळपास नाहीशी होते. सुई काढलेल्या सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून बघा, आधी पाणी भरून आणि मग नुसती हवा भरून. पंपाच्या दट्ट्यासमोर थेंबाएवढा बुडबुडा आला, तर त्याची सगळी मेहनत बुडबुडा दाबण्यातच जाते. सुई उचलत नाही आणि तो फवारा फुकट जातो. मेकॅनिक ‘एअर घेतली’ म्हणतात ते हेच.

आता रबर. डिझेलच्या पाइपाचं आतलं अस्तर बहुतेक वेळा नायट्राइल रबराचं असतं. हे रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं. त्यातला अॅक्रिलोनायट्राइल हा भाग ध्रुवीय (रेणूच्या टोकांना किंचित विरुद्ध विद्युतभार असलेला) असल्याने डिझेलसारखं अध्रुवीय तेल त्यात सहज मुरत नाही. दुसरा भाग ब्युटाडाइनचा, तो लवचिकपणा देतो. पण त्याच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला किंचितसा ओझोन नेमके तेच तोडतो. ही तोड ताणलेल्या जागी होते, म्हणून भेगा वळणावर आणि निपलवर, म्हणजे जोडणीच्या तोटीवर, चढवलेल्या टोकाशी आधी दिसतात. सायलेन्सरच्या उष्णतेने रबराच्या साखळ्या एकमेकींना जास्तच बांधल्या जातात आणि पाइप लाकडासारखा कडक होतो. रबर मऊ ठेवणारे घटक डिझेल हळूहळू धुऊन नेतं आणि त्यांच्या जागी थोडं डिझेलच मुरून राहतं. ते सुकलं की रबर आकसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा आतून सुकलेला पाइप वापरातल्यापेक्षा लवकर दगा देतो. इंधन बदललं तरी रबराला कळतं. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा गंधकासोबत काही सुगंधी (बेंझिनच्या जातीचे) हायड्रोकार्बनही घटले. त्यांनी फुगून बसलेली जुनी सीलं आकसली आणि अनेक पंप गळू लागले.

आपल्याकडचे दोन घरगुती इलाज मला अजिबात पटत नाहीत. एक, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं. ट्यूबचं रबर डिझेल पिऊन फुगतं आणि चार दिवसांत चिकट, सैल लगदा होतो. दुसरा, बांधकामावरचा पारदर्शक लेव्हल पाइप. त्या पीव्हीसीतला मऊपणा डिझेल काढून घेतं, पाइप आकसून कडक होतो आणि क्लिपमधून सुटतो. तपासणीपुरता मात्र तो कामाचा आहे: फीड पंपाआधी वीतभर तुकडा लावून इंजिन चालवलं, तर जाणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

जुना पाइप अंगठ्याने वाकवून बघावा. बाहेरचं आवरण धड असूनही आतलं अस्तर सुटून ओढीबरोबर आडवं येतं, ते बाहेरून कळत नाही. म्हणून एक बदलायचा तर सगळेच बदलावेत, रिटर्नचाही. आतला व्यास मोजून, इंधनासाठी बनवलेलाच पाइप घ्यावा आणि धारदार पात्याने सरळ कापावा. ज्युबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) फार आवळली तर तिच्या खाचा रबरात घुसतात. बँजो बोल्टखालचे (डिझेल ज्यातून जातं त्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर नवे टाकावेत. नसतीलच, तर जुने लालभडक तापवून गार करावेत. दाबून कठीण झालेलं तांबं त्याने पुन्हा मऊ होतं.

मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा दांडा हाताने मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी सलग धार आली की स्क्रू आवळायचा. तसंच डिझेल पंपावर. एवढ्याने नाही झालं तर नोझलकडचा नट अर्धा फेरा सोडून इंजिन फिरवायचं, मात्र त्या वेळी हात लांब ठेवायचा. पंप ते नोझल ही पोलादी नळी कधीही रबराने जोडू नये आणि तिची गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघावी. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर बोट गमावण्याची वेळ येऊ शकते.