➡️ म्हणजे उजवीकडे नव्हे : बाणांच्या इमोजीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली की खाली वाट लिहिलेली असते : कावळा नाका ➡️ दाभोळकर कॉर्नर ➡️ स्टँड ➡️ व्हीनस कॉर्नर. गावातला माणूस ती न अडखळता वाचतो. परगावचा पाहुणा मात्र प्रत्येक बाणाला उजवीकडे वळत गेला, तर जेवणाची पंगत उठेपर्यंत पोहोचायचा नाही. इथं ➡️ चा अर्थ ‘तिथून पुढं’ एवढाच. आणि इतिहास बघितला तर पत्रिकेचंच बरोबर आहे.

वाट दाखवणारी खूण म्हणून बाण तसा अलीकडचा. युरोपातल्या हस्तलिखितांत समासात बोट रोखलेला हात काढायची पद्धत मध्ययुगापासून होती. आपल्या फॉरवर्डमध्ये दर ओळीच्या डोक्यावर बसणारा 👉 त्याच घराण्यातला. बाणाचं एक फार जुनं उदाहरण सापडतं ते बेलिदोर या फ्रेंच अभियंत्याच्या १७३७ च्या ग्रंथात. पाणी कुठल्या बाजूला वाहतं आणि पाणचक्की कशी फिरते, हे त्यानं चित्रात बाण काढून दाखवलं.

संगणकाच्या जगात बाणाची उपेक्षाच झाली. १९६३ च्या आस्की संचात, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या यादीत, वरचा आणि डावा असे दोन बाण होते. १९६७ च्या सुधारणेत तेही काढून टाकले. मग लोक आडवी रेघ आणि ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह जोडून काम भागवू लागले, अजूनही भागवतात. खरा बाण टिकला तो छपाईच्या अक्षरसंचात. हेर्मान झाफ या जर्मन अक्षररचनाकाराच्या चिन्हांचा संच १९७८ मध्ये आला. त्यात बाण भरपूर, पण जवळजवळ सगळे उजवीकडे तोंड केलेले, कारण त्यांचं काम वाचकाला पुढच्या मजकुराकडे न्यायचं. त्या संचातली चिन्हं युनिकोडनं, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आणि चिन्हांना एकेक क्रमांक देणाऱ्या प्रमाणसंचानं, सुरुवातीलाच घेतली. आजचा ➡️ तिथला. त्याच्या जोडीचे ⬅️ ⬆️ ⬇️ युनिकोडमध्ये आले थेट २००३ मध्ये. म्हणजे चार भावांत हा एकटा छापखान्यात वाढलेला.

इमोजी म्हणून बाण रुजले जपानी मोबाइलवर. एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ चित्रं केली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांचं. एवढ्याशा जागेतही बाणांना स्थान मिळालं. त्यातली गंमत अशी की तिथं वर वळलेल्या बाणाला ‘छान’ आणि खाली वळलेल्याला ‘वाईट’ असं नाव होतं. म्हणजे रस्त्याशी संबंधच नाही. मूड चढला की उतरला, एवढंच. २०१० मध्ये युनिकोडनं जपानी कंपन्यांच्या इमोजींना सामावून घेतलं, तेव्हा वळणदार बाणांसाठी आधीपासून असलेली ⤴️ आणि ⤵️ ही चिन्हं वापरली गेली. नावं गेली, आकार राहिले. पुढं बऱ्याच फोनवर बाणांना निळसर चौकट मिळाली, आणि ते रस्त्यावरच्या पाटीसारखे दिसायला लागले. माझ्या मते निम्मा घोळ या चौकटीनं घातला.

नकाशातला आपली गाडी दाखवणारा त्रिकोण वेगळ्या घरचा. १९८५ च्या ‘इटॅक’ या गाडीत बसवायच्या अमेरिकन नकाशायंत्रात गाडीची खूण पडद्यावर मध्येच स्थिर असे आणि नकाशा तिच्याभोवती फिरे. मॅपवर आपण आज तेच बघतो.

⬆️ चा गोंधळ जास्त महागात पडतो. पाटीवर तो ‘सरळ जा’. पावसाळ्यात इथल्या ग्रुपवर ‘राजाराम बंधारा, ३८ फूट ⬆️’ असं आलं की त्याचा अर्थ पंचगंगा चढते आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. शिवाय बाणाला वेळ कळत नाही. सकाळचा ⬆️ रात्री कुणीतरी पुढं ढकलतो, तोवर पाणी उतरायला लागलेलं असतं, किंवा इशारा पातळी कधीच ओलांडलेली असते. त्यामुळं फुटांच्या आकड्याशेजारी किती वाजता मोजलं ते लिहिलेलं नसेल, तर तो मेसेज पुढं पाठवू नये.