कॉलेजची टीम एनएफएलच्या टीमला हरवेल? नाही हो!

अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, की अलाबामासारखी तगडी कॉलेज टीम एनएफएलच्या (म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या) सगळ्यात खालच्या टीमला आरामात लोळवेल. नाही लोळवणार. 2017 ला क्लीव्हलँड ब्राउन्स 16 च्या 16 मॅच हरले, पण त्यातले खेळाडूपण कॉलेजांतून गाळून गाळूनच वर आलेले ना. 2001 च्या मायामी कॉलेज टीममधले 38 जण पुढे ड्राफ्ट झाले, म्हणजे एनएफएलच्या टीम्सनी त्यांना निवडलं, हे अफाटच आहे, तरी तेव्हा ती कॉलेजातली पोरं होती आणि समोर पंचविशी ओलांडलेले, पगारावर दिवसभर हेच करणारे गडी असते. शिकागोत 1934 ते 1976 देशभरातले निवडक कॉलेजवाले एनएफएल चॅम्पियनशी खरंच खेळायचे, 42 पैकी 9 जिंकले, शेवटची 1963 ला.