सिलोनपासून म्हसवडपर्यंत: दुकानदाराची रेडिओ जाहिरात

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं आकाशवाणीवर जाहिरात नव्हती. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांवर गदा आली आणि श्रोते कोलंबोहून लागणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. जाहिरातदारही मागोमाग गेले. बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीचा चित्रपटगीतांचा कार्यक्रम 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि टेप कोलंबोला जाई. पण सिलोनची शॉर्टवेव्ह देशभर पोचणारी. तिच्यावर टूथपेस्ट खपते, पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचं कापड दुकान नाही.

१ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. शहरातल्या व्यापाऱ्याला दार उघडलं, पण मीडियमवेव्हचा पल्ला त्याच्या बाजारपेठेपेक्षा मोठाच. जे गिऱ्हाईक कधी येणार नाही, त्याच्यापर्यंत पोचण्याचेही पैसे मोजायचे.

२००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम आलं. परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्के वाढे, म्हणून केंद्रं मोठ्या शहरांत मोठ्या ब्रँडमागे धावली. गाडी रुळावर आली ती खासगी एफएमच्या २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात: शुल्क मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के, आणि ३ ते १० लाख वस्तीच्या शहरांनाही वाहिन्या. सांगली, जळगाव, नांदेडला एफएम आलं. त्याचा पल्ला साधारण तेवढाच, जेवढ्या टापूतून लोक बस्ता बांधायला शहरात येतात. स्थानिक जाहिरात खऱ्या अर्थाने इथे परवडू लागली.

जाहिरातीचा दर १० सेकंदांवर ठरतो. तेवढ्यात मराठीत वीस-पंचवीस शब्द बसतात. २० सेकंदांत दुकानाचं नाव दोनदा, एकच सवलत, तिची शेवटची तारीख आणि खूण: 'एसटी स्टँडसमोर'. फोन नंबर घालू नये. गाडी चालवणारा तो लिहून घेत नाही. पाच शाखांची यादी तर निव्वळ वाया. सर्वांत जास्त पैसे बुडतात ते पातळ पसरण्यात. ३० स्पॉट (एकदा वाजणारी जाहिरात म्हणजे एक स्पॉट) महिनाभर रोज एक लावले तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तेच पाडव्याआधीच्या चार दिवसांत लावावेत. सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ महाग. 'दिवसभरात कधीही' हे पॅकेज स्वस्त, कारण स्पॉट दुपारी तीनला किंवा रात्री अकरालाही लागतो. म्हणून बिलासोबत लॉग, म्हणजे कोणता स्पॉट कधी लागला याची नोंद, मागावा. सिनेमाच्या चालीवर जिंगल हवी, तर आधी संगीत कंपनीची परवानगी.

२००६ नंतर सामुदायिक रेडिओ, म्हणजे एका छोट्या टापूतल्या लोकांसाठीचं केंद्र, स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. ट्रान्समीटरची प्रभावी शक्ती १०० वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. जाहिरातींना तासाला आधी ५ मिनिटं होती, पुढे ७ आणि २०२४ मध्ये १२ झाली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या केंद्राच्या टापूत बी-बियाणांचा दुकानदार किंवा पिठाच्या गिरणीवालाही गिऱ्हाईक शोधू शकतो, तेही माणदेशी बोलीत.