फौजी रामराम : जवान आणि अफसर यांच्यातला मानपान

वरच्या हुद्द्याचा माणूस समोर आला की खालच्यानं सावधान होऊन सॅल्यूट करायचा, तोंडानं 'जय हिंद साहेब' म्हणायचं आणि वरच्यानं तो सॅल्यूट परत करायचा, ही फौजेतली रोजची रीत. सॅल्यूट कसा मारतात हे शाळेतल्या एनसीसीपासून पोरापोरांना माहीत असतं, त्यामुळं ते इथं लांबवत नाही. एवढंच की आर्मीत तळहात समोरच्याला दिसतो, नेव्हीत तो जमिनीकडं वळलेला असतो आणि एअर फोर्सनं २००६ पासून हात ४५ अंशांत धरायला सुरुवात केली. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर आर्मीत सॅल्यूट नाही, नुसतं सावधान व्हायचं.

सॅल्यूट आला कुठून यावर बरेच वाद आहेत. चिलखत घातलेले युरोपी सरदार एकमेकांना तोंड दिसावं म्हणून शिरस्त्राणाची झडप वर करायचे, त्यातून हा हात आला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण चिलखतं मोडीत निघाली तो काळ आणि आजच्या सॅल्यूटचा काळ यांच्यात मोठं अंतर पडतं. दुसरं मत असं की उजवा हात रिकामा आहे, हत्यार नाही, हे दाखवायची ती खूण. तिसरं मत टोपीचं, आणि ते जास्त पटतं कारण त्याला कागदाचा आधार आहे : ब्रिटिशांच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये १७४५ च्या सुमारास असा हुकूम निघाला की अफसर दिसला तर टोपी काढू नका, नुसता हात टोपीला लावा आणि पुढं चला. म्हणजे टोपी काढणं अर्ध्यात थांबलं आणि सॅल्यूट झाला. टोपीशिवाय सॅल्यूट नाही हा नियमही मग आपोआप समजतो. सलाम आणि सॅल्यूट हे शब्द ऐकायला सारखे वाटतात म्हणून काहीजण त्यांचं नातं जोडतात, तसं नाही. सलाम अरबी, अर्थ शांती, तर सॅल्यूटचं मूळ लॅटिनमध्ये, तब्येत-क्षेमकुशल या अर्थाचं.

हुद्द्यांचे शब्द मात्र आपल्या मातीतले किंवा इथं येऊन मुरलेले. शिवकाळात साधारण नऊ-दहा पाइकांवर, म्हणजे पायदळातल्या शिपायांवर, एक नाईक आणि पाच नाईकांवर एक हवालदार असायचा. आजच्या फौजेत शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, त्यांच्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर आणि मग लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे अफसर. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणायचे. 'साहेब' या शब्दाचं अरबी मूळ पाहिलं तर त्यात मालकासोबत सोबती असाही अर्थ निघतो, आणि पलटणीत या शब्दाची जी वागणूक आहे ती मला त्या दुसऱ्या अर्थाच्या जवळची वाटते.

मराठवाड्याला ही रीत जुनी आहे. निजामाच्या खर्चानं आणि इंग्रज अफसरांच्या हुकमात चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई इथं होत्या. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी फौजेत मिसळल्या, पायदळातून पुढं १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं, हे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत असतं. घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं, घोडा सवाराचा स्वतःचा किंवा त्यानं पैसे भरून घेतलेला. ज्याच्याकडं स्वतःचा घोडा नाही तो बारगीर. घरचा घोडा घेऊन आलेल्या माणसाशी अफसरालाही जपून बोलावं लागायचं.

आता मुख्य मुद्दा, जो बाहेरच्यांना उलटा वाटतो. तेवीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत येतो आणि पंचवीस-सव्वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार त्याला सॅल्यूट मारतो. पण तो पोरगा सुभेदाराला नुसत्या नावानं हाक मारत नाही, 'सुभेदार साहेब' म्हणतो. सॅल्यूट हुद्द्याला आणि साहेब नोकरीला. नव्या अफसराला सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्या बराकीत राहायला लावतात, त्यांच्याच लंगरचं म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातलं जेवण, त्यांच्याच सोबत पीटी, आणि या दिवसांत त्याला खरं शिकवतो तो सुभेदारच.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात हे डोळ्यांनी पाहिलंय. गल्लीतलं पोरगं लेफ्टनंट होऊन वर्दीवर गावात आलं. ओसरीवर एक रिटायर सुभेदार आबा बसलेले, अंगात बंडी, डोकं उघडं. पोरगं दिसलं तसे आबा उठले, टाचा जुळवल्या, हात धोतराला चिकटवून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, 'जय हिंद साहेब.' पोरानं कडक सॅल्यूट परत केला, हात खाली घेतला, टोपी काढून काखेत धरली आणि मगच वाकून पाया पडलं. बायामाणसं नुसती बघत राहिली. आधी हुद्दा मग वय, हा क्रम दोघांनाही कुणी सांगितला नव्हता.

'जय हिंद' कुणाचं, हा दुसरा वाद. बहुतेक अभ्यासक ते आबिद हसन सफरानी यांच्या नावावर लावतात. हे हैदराबादचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच राज्यातले, इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेलेले आणि तिथं नेताजी सुभाषचंद्र बोसांना जाऊन मिळालेले. १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून नेताजींसोबत निघाले ते हेच. जर्मनीत युद्धकैदी हिंदी जवानांची फौज उभी करताना अडचण अशी आली की कुणी रामराम म्हणतो, कुणी सलाम, कुणी सत् श्री अकाल, आणि सगळ्यांना चालेल असा एक शब्द पाहिजे होता. राजपूत जवानांचं 'जय रामजी की' ऐकून आधी 'जय हिंदुस्तान की' सुचलं आणि तेच आखडून 'जय हिंद' झालं असं सांगतात. दुसरा दावा क्रांतिकारक चेंपकरामन पिल्लै यांच्यासाठी केला जातो, त्यांनी हे शब्द त्याच्या बरेच आधी वापरले म्हणून. शब्द आधी कुणाच्या तोंडी आला असेलही, पण फौजेतल्या रोजच्या भेटीची रीत म्हणून तो नेताजींच्या आझाद हिंद फौजेनं रुजवला आणि त्या फौजेच्या अफसरांवरच्या १९४५ च्या लाल किल्ल्यातल्या खटल्यांनंतर तो घरोघर गेला, त्यामुळं हसन यांच्या बाजूचं वजन जास्त आहे. मराठवाड्याच्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. इथं एकाच एसटी स्टँडवर रामराम, सलाम आणि जय भीम ऐकू येतं, नांदेडला हुजूर साहिबपाशी सत् श्री अकालही, आणि नमस्कारावरून माणूस ओळखायची सवय सगळ्यांना आहे. पलटणीत मंदिर परेड, गुरुद्वारा, नमाज आपापल्या जागी असतात आणि काही रेजिमेंटमध्ये रामराम अजून चालतो, तरी सगळ्यांमध्ये चालणारा शब्द जय हिंदच.

मान नुसता रिवाजावर सोडलेला नाही. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४० मध्ये वरिष्ठावर हात उगारणं किंवा त्याला उर्मट बोलणं हा गुन्हा आहे, तसंच कलम ४७ मध्ये खालच्याला मारहाण किंवा छळ करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितलीय. पहिलं कलम सगळे सांगतात, दुसरंही तेवढ्याच जोरानं सांगितलं पाहिजे. सहायक म्हणजे अफसराच्या सोबतीला दिलेला जवान, त्याला घरची कामं लावण्यावरून बरीच टीका झाली आणि २००८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं ही पद्धत बंद करा असं सुचवलं. नेव्ही आणि एअर फोर्समध्ये ती नाही. चांगल्या बाजूला बडा खाना आहे, अफसर, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), जवान एकत्र जेवतात. सैनिक संमेलनात जवान सीओसमोर, म्हणजे पलटणीच्या मुख्य अफसरासमोर, उभा राहून आपली अडचण मांडू शकतो.

गावाकडं रिटायर जवानाला, तो नाईक म्हणून घरी आला असला तरी, 'मेजर' म्हणतात. हे अफसरांच्या मेजरवरून आलं असं काहीजण मानतात, पण कंपनी हवालदार मेजरलाही, म्हणजे कंपनीतल्या मुख्य हवालदारालाही, पलटणीत 'मेजर' अशीच हाक असते आणि आपल्याकडचे बहुतेक जवान त्याच हुद्द्याच्या आसपास रिटायर होत आले, तेव्हा ते मूळ जास्त संभवतं. अफसर होणारी पोरं मराठवाड्यातून पूर्वी कमीच. १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली, तिला सगळे एसपीआय म्हणतात. दहावीनंतर तिथं दोन वर्षं राहून पोरं एनडीएची, म्हणजे अफसर घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायची, तयारी करतात.