इयाकोवोस कांबानेलिस आणि युद्धोत्तर ग्रीक रंगभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ग्रीक नाटकाची सुरुवात बहुतेक अभ्यासक इयाकोवोस कांबानेलिस यांच्यापासून मानतात. मात्र लेखक होणे हा त्यांचा मूळ बेत नव्हता. नक्सोस बेटावर जन्मलेले आणि अथेन्समध्ये पोटापाण्याला लागलेले कांबानेलिस जर्मन ताब्यातल्या ग्रीसमधून निसटण्याच्या प्रयत्नात पकडले गेले आणि १९४३ पासून मे १९४५ मधील मुक्ततेपर्यंत ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन छळछावणीत राहिले. परतल्यावर त्यांनी कारोलोस कून यांच्या ‘थिआत्रो तेखनिस’ या नाट्यसंस्थेचा प्रयोग पाहिला आणि नट व्हायचे ठरवले. परंतु माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र नसल्यामुळे नाट्यशाळेची दारे बंद होती. रंगभूमीशी नाते राखण्याचा उरलेला मार्ग लेखनाचा होता.

त्यांचे पहिले नाटक १९५० मध्ये रंगमंचावर आले, पण निर्णायक ठरले ते १९५७ चे ‘चमत्कारांचे अंगण’. कून यांनी बसवलेल्या या नाटकात अथेन्सच्या गरीब वस्तीतले एक सामाईक अंगण आहे. आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेला निर्वासित, जुगाराच्या नादी लागलेला नवरा, परदेशी जाऊन नशीब काढू पाहणारे लोक अशी माणसे तिथे भिंतीला भिंत लावून राहतात, आणि शेवटी जागा बिल्डरकडे गेल्याने बाहेर पडतात. मालकाने जमीन द्यावी, बिल्डरने बदल्यात सदनिका द्याव्यात, या व्यवहाराने त्या काळात अथेन्सचा चेहरामोहरा बदलत होता. नाटकात मात्र त्याविषयी भाषणबाजी नाही, हे लेखकाचे मोठे श्रेय.

छावणीविषयी ते बराच काळ गप्प राहिले. त्यांचे आठवणींचे पुस्तक साठच्या दशकात आले आणि त्यातूनच उमललेल्या त्यांच्या चार कवितांना मिकिस थिओदोराकिस यांनी संगीत दिले. मारिया फारांदुरी यांनी गायलेली ती गीते अनेकांपर्यंत नाटकांच्याही आधी पोहोचली.

लष्करी राजवटीत, १९७३ च्या उन्हाळ्यात, ‘आमची मोठी सर्कस’ अथेन्समध्ये रंगली. जेनी कारेझी आणि कोस्तास काझाकोस या कलाकारांनी उभी केलेली ही निर्मिती वरवर ग्रीक इतिहासाची विनोदी उजळणी होती. आधुनिक ग्रीसचा पहिला राजा ओथोन किंवा तुर्की अंमल यांवरचा शेरा प्रत्यक्षात कोणाला उद्देशून आहे, हे प्रेक्षक अचूक ओळखत. नोव्हेंबरमध्ये अथेन्स पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी राजवटीविरुद्ध केलेल्या उठावानंतर कारेझी यांना अटक झाली.

लोकशाही परतल्यावर कांबानेलिस सरकारी नभोवाणीचे संचालक झाले, पुढे अथेन्स अकादमीचे सदस्यही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. प्राचीन शोकांतिकांच्या कथांकडे ते उतारवयात ठळकपणे वळले, तेही आपल्याच पद्धतीने: ‘ओरेस्तिसला पत्र’ या एकांकिकेत क्लितेम्नेस्त्रा, म्हणजे पतीच्या खुनाबद्दल मुलाच्या हातून मारली जाणारी पुराणकथेतली राणी, आपल्या मुलाला आपली बाजू स्वतः सांगते.