ध्रुवतारा

उत्तर दिशा दाखवणारा तारा म्हणजे ध्रुवतारा, इंग्रजी नाव पोलॅरिस. ध्रुवमत्स्य नावाच्या छोट्या तारकासमूहातला हा सगळ्यात ठळक तारा, पण अख्ख्या आकाशातला सगळ्यात ठळक अजिबात नाही. हा गैरसमज मात्र इतका पक्का आहे की संध्याकाळी पश्चिमेला शुक्र झगझगत असला तरी कोणीतरी "तो बघ ध्रुव" म्हणतंच. तेजाच्या यादीत याचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो.

पुण्यात हा शोधायचा तर मान फार वर करायची नाही. ज्या गावाचा जेवढा अक्षांश तेवढ्याच अंशांवर तिथे ध्रुव दिसतो, पुण्याचा साधारण १८.५, म्हणजे हात लांब करून उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की वरच्या मुठीच्या कडेशीच. दिल्लीत जवळजवळ तीन मुठी, कन्याकुमारीला धड एकसुद्धा नाही. आणि इतका खाली असल्यामुळे शहरात पंचाईत होते. आमच्या गच्चीवरून पूर्वी स्वच्छ दिसायचा, मग समोर टॉवर उभा राहिला आणि गेला तो गेलाच, कारण बाकीचे तारे तास-दोन तासांनी बिल्डिंगच्या मागून बाहेर येतात, हा जागचा हलत नाही त्यामुळे एकदा झाकला की कायमचा झाकला! आता पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं.

ओळखायचा कसा तर सप्तर्षींवरून. चौकोनातले पुढचे दोन तारे पुलह आणि क्रतु, पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढायची आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्यायची, तिथे एकटाच मध्यम तेजाचा तारा दिसतो तो ध्रुव. एप्रिल-मे मध्ये रात्री नऊच्या सुमारास हे मस्त जमतं. पावसाळा तसाही ढगांचा, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात तेव्हा इंग्रजी एम सारखा दिसणारा शर्मिष्ठा तारकासमूह उपयोगी पडतो.

बाप उत्तानपाद, सावत्र आई सुरुचीने मांडीवरून उठवलं, बाळाने तप केलं आणि विष्णूने अढळपद दिलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण खरं तर ध्रुव अढळ नाही. खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून, म्हणजे पृथ्वीचा आस आकाशात जिथे रोखलेला असतो तिथून, तो सध्या अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, त्यामुळे रोज त्या बिंदूभोवती एक बारीक चक्कर मारतो, चक्कर म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर त्याहून जरा मोठी. डोळ्यांना कळत नाही, पण टेलिस्कोपचं स्टँड ध्रुवाकडे लावणाऱ्याला एवढा फरकही सांभाळावा लागतो. शिवाय पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची, त्यामुळे हे पद आळीपाळीचं आहे. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा कालेय तारकासमूहातला ठुबान हा तारा ध्रुवाच्या जागेजवळ होता, आणखी १२,००० वर्षांनी साधारण अभिजित ताऱ्याचा नंबर. आताचा ध्रुव २१०० च्या सुमारास त्या बिंदूच्या सगळ्यात जवळ येईल.

तारा म्हणून बघितलं तर हा पिवळसर महाकाय तारा, सूर्यापेक्षा व्यासाने चाळीस पटींहून मोठा, आणि दर चार दिवसांनी किंचित फुगतो-आकसतो. एकटाही नाही, तीन ताऱ्यांचं कुटुंब आहे. लांबचा जोडीदार विल्यम हर्शेलने १७७९ मध्ये पाहिला, अगदी चिकटून असलेल्याचा फोटो २००६ मध्ये हबल दुर्बिणीने दाखवला. अंतर साधारण ४३० ते ४५० प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसतो तो उजेड निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता.

लग्नात सप्तपदीनंतर नवरा-नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची पद्धत आहे. ती रात्रीच्या लग्नांची, पण आता मंगल कार्यालयात भरदुपारी बाराला हे सगळं उरकतं. त्यात चुकीचं काही नाही, पुण्यात ध्रुव दिवसाही आकाशात त्याच जागी असतो, फक्त उन्हात दिसत नाही. उत्तरेच्या भिंतीकडे माणसाच्या डोक्याच्या थोडं वर बोट केलं की झालं. गुरुजी मात्र सरळ वर पंख्याकडे दाखवतात.